चार सेकंदांत तयार

२ मार्च २००९, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं ठेवतात. शिवाय आजचा दिवस महत्त्वाचा आहे. मेधा मॅडमनी टीम मीटिंगमध्ये सांगितलं, की मंदी आहे, पंधरा एप्रिलला टीममधली काही नावं कमी होणार, आणि ती परफॉर्मन्स बघून कमी होणार. सांगताना दोनदा माझ्याकडे बघितलं. मला विश्वासात घेतायत हे उघड आहे.

तरी गाफील राहायचं नाही. परभणीला वडिलांना, म्हणजे आबांना, मी 'पर्मनंट झालो' असं सांगून बसलोय. ते खरं व्हायला निदान नोकरी असावी लागते. संकल्प: पहाटे पाचला उठणे. नांद्याहून हिंजवडीला चालत जाणे. विचार इंग्रजीतून करणे.

३ मार्च

सव्वाआठला उठलो. पहिला विचार आला, बस गेली. मराठीतून आला.

५ मार्च

नवं काम मिळालं. डब्याचं टेस्टिंग. डबा म्हणजे काय ते नीट लिहून ठेवतो, पुढे कुणी माझं चरित्र लिहायला घेतलं तर अडायला नको.

जाड पुस्तकाएवढी काळी पेटी. दुकानांतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ते कुणी चोरून ऐकू नये म्हणून मध्ये बसवायची. चालू केली, की ती आधी स्वतःसाठी एक गुप्त किल्ली बनवते. किल्ली कुणाला ओळखता येऊ नये म्हणून आकडे अगदी वाटेल तसे लागतात, रँडम. ते द्यायचं काम आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमचं. पण मशीनला वाटेल तसं वागता येत नाही, ते त्याला बाहेरून गोळा करावं लागतं: माणसाने बटणं कधी दाबली, माऊस कसा हलवला, डिस्क कधी फिरली. आमच्या डब्याला बटणं नाहीत, माऊस नाही, डिस्क नाही, घड्याळसुद्धा नाही. मग तो नारिंगी दिवा लावून नुसता बसून राहतो. पुरेसं गोळा झालं की हिरवा दिवा. म्हणजे रँडमवाला तयार. मग किल्ली.

आज मी डबा चालू करून टपरीवर गेलो, चहा घेतला, दुसरा घेतला, मॅचचा स्कोअर विचारला, परत आलो. नारिंगी.

हा भाग नरहरीने लिहिलाय. नरहरी उदगीरचा, टीममधला डेव्हलपर. सावकाश बोलतो, सावकाश जेवतो, घास मोजून चावतो. त्याच्या डब्याला घाई कुठून असणार?

६ मार्च, दुपारी

क्लायंट स्वीडनचा आहे. त्याची तक्रार आली, की डबा सुरू व्हायला फार वेळ लागतो. मॅडम वैतागल्या. नरहरी सावकाश म्हणाला, की तयार नसलेल्याकडून काम करून घेण्यापेक्षा थांबलेलं बरं.

याच वृत्तीमुळे देश मागे आहे.

६ मार्च, संध्याकाळी

क्रांती! सेटिंगमध्ये एक ओळ सापडली: 'तयार होईपर्यंत थांबा: हो.' मी 'हो'चं 'नाही' केलं. डबा चालू. चार सेकंदांत हिरवा!! परत केलं. चार सेकंद. एका शब्दाने केलं. मी टेस्टर आहे, डेव्हलपर नाही, आणि तरीही. आनंदाने खुर्चीसकट गोल फिरलो, शेजारच्या क्युबिकलमधली कुंडी पडली.

नरहरीने बघितलं आणि म्हणाला, की तो दिवा आता खोटा आहे. तयार आहे का हे विचारायचंच तू बंद केलंस, तयार तो झालेलाच नाही. मी त्याला शांतपणे सांगितलं, की जळू नकोस.

९ मार्च

दिवसभर कसून टेस्टिंग. डबा बंद, चालू, बंद, चालू. प्रत्येक वेळी चार सेकंद. शिवाय (हे मॅडमना ठळक अक्षरात पाठवलंय) प्रत्येक वेळी आकडेही तेच. पहिल्या खेपेचे आकडे कागदावर उतरवून पुढच्या प्रत्येक खेपेशी ताडून बघितले. एक आकडा इकडचा तिकडे नाही! याआधी मी पगाराचं सॉफ्टवेअर टेस्ट करायचो. तिथे एकच बेरीज दोनदा वेगळी आली की बोंबाबोंब. इथे बोंबेला जागाच नाही. शेरा: निकाल अत्यंत स्थिर. पास.

१२ मार्च

काल धुळवड. आज नरहरी तोंडभर लाल ठिपके घेऊन आला. मी म्हणालो, रंग निघाला नाही वाटतं. रंग नव्हता, कांजिण्या होत्या. मॅडमनी दारातूनच परत पाठवलं. आता महिनाभर घरी.

वाईट वाटलं. पण टीमच्या दृष्टीने वेग वाढेल.

१३ मार्च

माझं सेटिंग मंजूर! मॅडमना घाई होती, नरहरी फोन उचलत नव्हता (अंगाला कडुनिंब लावून झोपला होता म्हणे), आणि माझा रिपोर्ट होता. गोदामातल्या सगळ्या डब्यांत चार सेकंदवालं सेटिंग जाणार. मॅडम म्हणाल्या, गुड. आजवर मला 'ओके'च्या वर काही म्हणाल्या नव्हत्या.

पंधरा एप्रिलची चिंता उरली नाही. तरी मॅडमना दिसेल असं अजून एखादं भव्य काम केलं, तर यादी करताना माझं नाव वाचायचंसुद्धा धाडस त्यांना होणार नाही.

१५ मार्च, रविवार

भव्य काम घरी चालत आलं.

नांद्यात मी राहतो ती खोली कुशाबांची. अर्धी शेती बिल्डरला दिली, उरलेल्या अर्ध्यात खोल्या बांधल्या, तरी मूळ जीव बैलांत. भैरवनाथाच्या जत्रेला इथे बैलगाडा शर्यत असते. घाट म्हणजे चढाचा रस्ता, त्यावर एकेक गाडा सोडतात आणि वेळ मोजतात. कुशाबा जत्रा कमिटीचे अध्यक्ष. आज सकाळी ओट्यावर डोकं धरून बसले होते. त्यांच्या पत्नी सगुणाबाईंनी मला चहा दिला आणि कारण सांगितलं.

आधी नंबर लागला तर ऊन कमी, घाटाची माती घट्ट, बैल भरारा जातात. मागून लागला तर माती उखडलेली. म्हणून नंबर चिठ्ठ्या टाकून काढतात. गेल्या साली चिठ्ठ्या काढल्या कुशाबांच्या मेव्हण्याने, आणि पहिली चिठ्ठी निघाली कुशाबांची. वरच्या आळीचे दादासाहेब तेव्हापासून बोलत नाहीत. यंदा म्हणतात, सोडत सरळ झाली न्हाई तर आमी आमचा येगळा घाट करनार. म्हणजे गावाच्या दोन जत्रा.

मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणालो, डबा आहे.

कुशाबांना सगळं समजावलं. ते म्हणाले, म्हंजी त्यात मानसाचा हात न्हाई? मी म्हणालो, मशीनला हातच नसतात. ते म्हणाले, तुमी लई शिकल्यालं हाय, तुमचा इस्वास हाय. मग सगुणाबाईंनी मला थालीपीठ दिलं. दुसरं मागितलं, तेही दिलं.

१६ मार्च

मॅडमकडून एक डबा घरी न्यायची परवानगी घेतली. 'ग्रामीण भागातील फील्ड टेस्ट' असं म्हणालो. मॅडमना तो शब्द आवडला. जत्रेचं आमंत्रणही दिलं, बारा एप्रिल, रविवार. बघू म्हणाल्या. म्हणजे येणार.

२९ मार्च

पाडव्याला गाडामालकांची नोंदणी संपली. नावं लॅपटॉपवर चढवली. लॅपटॉप डब्याला जोडायचा, डबा आकडे देणार, आकड्यांप्रमाणे नावं क्रमाने पडद्यावर येणार. मी स्वतः केलं. ऑफिसच्या वेळात केलं, पण मन लावून केलं.

पहाटे उठण्याचा संकल्प जत्रेनंतर.

४ एप्रिल, शनिवार

दादासाहेबांनी आधी मशीन दाखवा म्हणून निरोप धाडला. त्यांच्या ओसरीवर चाचणी घेतली. वरची आळी जमलेली. दादासाहेबांच्या मिशा पाहून मला धड मराठीही बोलता येईना, पण डबा डगमगला नाही. चार सेकंद! पहिलं नाव उरवड्याचे जनार्दन. दुसरं आमचे कुशाबा. दादासाहेबांचं खाली, पार खाली, शेवटून दुसरं.

दादासाहेब म्हणाले, ह्ये असंच येनार हाय व्हय? मी हसून सांगितलं, काका, ही चाचणी आहे, त्या दिवशी सगळं वेगळं येणार, कुणालाच आधी कळणार नाही, मलासुद्धा नाही. ते म्हणाले, मंग ठीक हाय. पण आपल्या पुढे कोण कोण होतं ते बोटांवर मोजत बसले होते. म्हणे संध्याकाळभर पारावर तेच मोजून दाखवत होते. त्यांना डब्याने भारावून टाकलंय.

५ एप्रिल

खोलीवर आणखी दोनदा रंगीत तालीम. ओसरीवरचाच निकाल, नाव न् नाव. वहीत शेरा: घर, ओसरी, कुठेही न्या, डबा हलत नाही. हे लोक वेगळ्या घाटाची भाषा करतायत आणि इथे एवढी शिस्त!

१० एप्रिल

कुशाबांनी आज देवळाच्या पायरीला हात लावून चारचौघांत शपथ घेतली, की सोडत सरळ होईल, खोट निघाली तर अध्यक्षपद सोडीन. मला थोडं दडपण आलं. मग आठवलं की डबा पास आहे. दडपण गेलं.

नवा शर्ट आणला. मॅडमच्या शेजारी फोटो आलाच तर.

१२ एप्रिल, रविवार, सकाळी ७

उठलो! पाचला नाही, पण सूर्य अजून खाली आहे. बैलांच्या शिंगांना रंग, गळ्यात घुंगरं. कुशाबांची जोडी बघितली तर मीच त्यांचा भाऊबंद असल्यासारखं वाटलं. घाटाजवळ मांडव, टेबल, टेबलावर माझा डबा, डब्याला सगुणाबाईंनी हळदकुंकू लावलंय. वायर देवळातून ओढली आहे. लाउडस्पीकर जीपच्या बॅटरीवर.

मेधा मॅडम आल्या आहेत! मुलांना बैल बघायचे होते म्हणून आले असं म्हणाल्या. माणूस असं निमित्त सांगतो.

आज माझा दिवस आहे.

१२ एप्रिल, रात्री

क्रमाने लिहितो.

नारळ फोडला. माईकवाल्याने माझं नाव 'कॉम्प्युटर शास्त्रज्ञ पियूषराव' असं पुकारलं. मॅडमनी टाळी वाजवली की डास मारला ते नीट दिसलं नाही. मी डबा चालू केला. चार सेकंदांत हिरवा. पडद्यावर पहिलं नाव: उरवड्याचे जनार्दन. टाळ्या.

दुसरं नाव यायच्या आत वरच्या आळीच्या घोळक्यातून कुणीतरी ओरडलं, आता कुशाबा! आणि पडद्यावर कुशाबा. हशा. मला वाटलं, काय योगायोग. तिसरं नाव दहाजण आधीच ओरडले. चौथं अख्खा मांडव. पाचव्याला तर माईकवाला पडद्याकडे न बघता पुकारत होता. मला, खरं सांगतो, आनंद होत होता. इतका उत्स्फूर्त प्रतिसाद मी कुठल्याच डेमोला बघितलेला नाही. मी हात उंचावून लय देत होतो. बायका बोलतायत, पोरं उड्या मारतायत, पडद्यावर नाव उमटतंय ते लोकांच्या मागून.

शेवटून दुसरं नाव दादासाहेबांनी स्वतःच उभं राहून घेतलं. आपलंच. पडद्यावरही तेच. आणि मग कुणीच ओरडलं नाही.

दादासाहेब टेबलाजवळ आले. म्हणाले, त्या दिसाला ह्येच, आज बी ह्येच. आन् कुशाबाचा भाडेकरू कुशाबाला दुसरा नंबर देतोया. ह्यो डबा हाय का मेव्हना हाय?

गलका उडाला. कुणी कुणाचं धोतर धरलं, कुणी लाउडस्पीकरवर चढलं. कुशाबा माझ्याजवळ आले. पायरीला हात लावलेला माणूस. फक्त माझ्याकडे बघून म्हणाले, तुमी म्हनला हुता, येगळं येनार. मला तोंड लपवायला जागा नव्हती. बाजूला होऊन नरहरीला फोन लावला.

नरहरीने सगळं ऐकून घेतलं, सावकाश. मग म्हणाला, डब्याला घड्याळ नाही, डिस्क नाही, चालू झाला की तो रोज नव्याने तोच असतो. बाहेरून काही गोळा व्हायच्या आतच तू त्याच्याकडून आकडे घेतोस, मग ते दर वेळी तेच येणार. सेटिंग 'हो' कर, लॅपटॉपची बटणं डब्याला जोड, लोकांना वाटेल तशी बटणं दाबू दे, खरा हिरवा लागेपर्यंत थांब. मग त्याने विचारलं, की गोदामातल्या डब्यांत कुठलं सेटिंग गेलंय? मी म्हणालो, माझंच, सगळ्यांत. फोन कट झाला. रेंज गेली असावी. लगेचच मॅडमचा फोन वाजला आणि त्या मुलांना घेऊन गाडीकडे गेल्या. पाठमोऱ्या सुद्धा घाईत दिसत होत्या.

मी माईक घेतला. म्हणालो, गावकरी बंधूंनो, डबा खोटा नाही, फक्त अजून तयार नाही. त्याला तयार आपण करायचंय. प्रत्येकाने या, मनाला येईल ते बटण मनाला येईल तेव्हा दाबा. गाव जेवढं वाटेल तसं वागेल तेवढी सोडत सरळ होईल. हे त्यांना फार आवडलं. बघता बघता रांग घाटाच्या खालपर्यंत गेली.

आणि इथे मला माणसाबद्दल एक शोध लागला. वाटेल तसं वाग म्हटलं की माणूस घाबरतो. सगुणाबाई पहिल्या. म्हणाल्या, कुठलं दाबू? मी म्हणालो, कुठलंही. म्हणाल्या, कुठलं बी म्हंजी कुठलं? मग खालचं सर्वांत लांब बटण दाबलं. त्यांच्यामागच्या सगळ्या बायकांनी तेच लांब बटण दाबलं, कारण त्यांनी दाबलं. पुरुषांनी आपापलं नाव लिहिलं. एका पैलवानाने बटण दाबलं ते परत वर आलंच नाही. दादासाहेबांनी एकच बटण तीनदा दाबलं, दर वेळी खिशातल्या रुमालाने पुसून. उरवडेकर म्हणाले, आमी पाव्हणे, आमाला आधी दाबू द्या. वरची आळी म्हणाली, न्हाई, आमी. आधी कुणी दाबायचं यावर हमरीतुमरी झाली आणि शेवटी कुणीतरी सुचवलं, की त्याच्यासाठी चिठ्ठ्या टाका.

तरी दिवा लुकलुकायला लागला. नारिंगी, मध्येच हिरवट, नारिंगी. कुशाबांनी हात जोडले. मी ओरडलो, आता होतोय! दिवा हिरवटला, आणि विझला.

वीज गेली होती. लॅपटॉपला बॅटरी होती, लाउडस्पीकरला जीप होती. डब्याला काही नव्हतं. गावाने घाम गाळून जे जे गोळा करून दिलं, ते सगळं त्याच्या डोक्यातून गेलं. वीज आली की पहिल्यापासून.

ऊन डोक्यावर आलेलं. बैल फुरफुरत होते. कुशाबा उठले आणि मातीचं मडकं मागवलं. चिठ्ठ्या पडल्या. पण काढायच्या कुणी? कुशाबांचा माणूस दादासाहेबांना चालेना, दादासाहेबांचा कुशाबांना. उरवडेकर कुणालाच चालेनात. तेवढ्यात दादासाहेबांनी माझ्याकडे बोट केलं. म्हणाले, ह्याला काढू द्या. ह्याची हितं जमीन न्हाई, सोयरीक न्हाई, बैल न्हाई. आन् ह्याला काय बी ठरवून करता येत न्हाई, ह्ये आत्ता समद्यांनी बघितलंय.

एवढं एकमत त्या घाटावर आजवर झालं नसेल. कुशाबासुद्धा व्हय म्हणाले.

डोळ्यांवर उपरणं बांधलं. मडक्यात हात घातला. पहिली चिठ्ठी दादासाहेबांची! वरच्या आळीने मला उचललं. मी डोळे बांधलेला हवेत, खालून हलगी वाजतेय, आणि मी हसतोय, कशाला ते मलाही ठाऊक नाही. खाली ठेवलं, परत हात घातला. एकेक नाव निघत गेलं आणि कुणी भांडलं नाही. शेवटी मडक्यात एकच चिठ्ठी उरली. कुशाबांची.

कुशाबांच्या बैलांना भर उन्हात, उखडलेल्या मातीत सोडलं. मध्यावर थांबले. कुशाबा घाटात उतरले, बैलांच्या मानेवरून हात फिरवला, आणि चालवत वर घेऊन आले. मला एक शब्द बोलले नाहीत. उलट रात्री सगुणाबाईंकडून पुरणपोळी पाठवली. मला फार वाईट वाटलं. पोळी खाताना रडू आलं. सगळी खाल्ली.

१३ एप्रिल, सोमवार

झोप झाल्यावर गोष्टी स्पष्ट दिसतात. काल मी प्रत्यक्ष फील्डवर, हजारभर लोकांच्या साक्षीने, डब्यातला एक गंभीर दोष शोधून काढला. ऑफिसात बसून हे कुणालाही जमलं नसतं. मी फोन केला नसता तर डबे स्वीडनला गेले असते आणि तिथल्या सगळ्या दुकानांना एकच किल्ली लागली असती. एका शब्दात, मी कंपनी वाचवली.

नरहरी अंगावर खपल्या असताना काल संध्याकाळीच गोदामात आला होता म्हणे. मॅडम आणि तो रात्रभर एकेक डबा उघडून 'नाही'चं 'हो' करत बसले. मला बोलावलं नाही. जत्रेने दमलो असेन म्हणून.

मॅडमना मेल लिहिला. विषय: फील्ड टेस्टचं यश. उत्तर नाही. शब्द शोधत असतील.

१४ एप्रिल

सुट्टी. आबांचा फोन. इन्क्रिमेंटचं विचारलं. म्हणालो, उद्या कळेल.

१५ एप्रिल, बुधवार

तीन नावं. एक माझं.

मॅडमनी केबिनमध्ये बसवलं, पाणी दिलं. चांगलं वागल्या. मी विचारलं, की सगळ्यांचं रेटिंग सारखंच असतं, मग शेवटी नावं कशी काढली, चिठ्ठ्या टाकून का? तसं असेल तर नशिबाचा भाग आहे, माझ्या कामाशी संबंध नाही, आबांना तसं सांगता येईल. मॅडम म्हणाल्या, बाकीच्या दोन नावांवर दोन दिवस वाद झाला. तुझ्या नावावर चर्चा झाली नाही.

नरहरी दारापर्यंत सोडायला आला. सावकाश चालत होता, त्यामुळे बराच वेळ लागला. बरं वाटलं.

१६ एप्रिल

आबांना फोन केला. तीन रिंग झाल्यावर ठेवून दिला. उद्या.

१९ एप्रिल, रविवार

सकाळी ओट्यावर आवाज ऐकून जाग आली. कासारसाईच्या जत्रा कमिटीची माणसं आली होती. पुढच्या रविवारी त्यांची शर्यत. म्हणत होती, नांद्याच्या घाटावर ज्या पाव्हण्याने चिठ्ठ्या काढल्या त्योच आमाला पायजे, त्याच्या हाताला कुनाचीच बाजू न्हाई. कुशाबांना विचारलं, की ते त्या दिवशी रिकामे हायेत का?

कुशाबा म्हणाले, आता रिकामेच हायेत. कवा बी या.

मी बाहेर गेलो. नवा शर्ट घातला. त्यांना म्हणालो, मी इंजिनिअर आहे, अशा कामाबद्दल मला विचार करावा लागेल. ते म्हणाले, करा की. मी आत आलो, दार लावलं, कॉटवर बसलो. बराच वेळ विचार केला. बाहेर सगुणाबाईंनी त्यांना चहा दिला, कपांचे आवाज येत होते. मग बाहेर जाऊन विचारलं, की कासारसाईला जायची बस किती वाजता असते?